थायरॉइडची गाठ आणि डॉक्टर म्हणतात "काही नाही", मग नक्की काय विचारायचं?

गळ्यात गाठ निघाली, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट घेऊन गेलात आणि डॉक्टरांनी दोन मिनिटांत फाईल परत दिली. "काही नाही हो, टेन्शन घेऊ नका." घरी आल्यावर मात्र झोप उडालेली. आमच्या घरात आई, मावशी दोघींना गाठी आहेत त्यामुळे हे मी खूप जवळून बघितलंय, आणि माझं स्पष्ट मत असं की "काही नाही" हे बहुतेक वेळा खरंच असतं, पण ते कशावरून म्हणताय हे पेशंटला कळायलाच हवं. तो तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.

आधी एक समजून घ्या. साठीच्या आसपास सोनोग्राफी केली तर जवळपास निम्म्या लोकांत काही ना काही गाठ दिसते आणि त्यातल्या 90 टक्क्यांहून जास्त गाठी साध्या असतात, कॅन्सरच्या नसतात. डॉक्टर रोज बघतात म्हणून त्यांना त्याचं काही वाटत नाही. तुमच्यासाठी ती पहिलीच असते.

आता सगळ्यात जास्त गोंधळ कुठे होतो तर टीएसएचवर, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीवर. "टीएसएच नॉर्मल आहे म्हणजे गाठ नॉर्मल" हे बरोबर नाही!! टीएसएच सांगतो ग्रंथी काम कसं करतेय, गाठ कसली आहे ते सांगत नाही, थायरॉइड कॅन्सर असलेल्या बहुतेक लोकांचा टीएसएच नॉर्मलच येतो. टीएसएच कमी आला तर मात्र गाठ स्वतःच जास्त हार्मोन बनवत असू शकते, मग थायरॉइड स्कॅन सांगतात, आणि अशी "हॉट" गाठ कॅन्सरची असणं फारच क्वचित. उलट बाजूने, टीएसएच नॉर्मल असताना केस गळतात, थकवा येतो, त्याचा दोष गाठीला देऊ नका, हिमोग्लोबिन, बी12, व्हिटॅमिन डी बघून घ्या. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस बंद ठेवा, रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

खरं उत्तर सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये असतं. रिपोर्टमध्ये टायरॅड्स नावाचा आकडा शोधा, 1 ते 5, जितका जास्त तितका कॅन्सरचा संशय जास्त. गाठ भरीव आहे की पाण्याची, काळसर दिसते का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, रुंदीपेक्षा उंच आहे का, आत बारीक कॅल्शियमचे ठिपके आहेत का, यावरून गुण देतात. अमेरिकन रेडिओलॉजिस्टांच्या 2017 च्या पद्धतीत टायरॅड्स 3 असेल तर 2.5 सेंटीमीटरपासून पुढे सुई तपासणी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून बघणं) सांगतात, 4 असेल तर 1.5 पासून, 5 असेल तर 1 सेंटीमीटरपासून. म्हणजे टायरॅड्स 3 ची दीड सेंटीमीटरची गाठ असेल आणि डॉक्टर म्हणाले सुई नको, फक्त लक्ष ठेवू, तर ते टाळत नाहीयेत, नियमाप्रमाणेच सांगतायत. पण 5 लिहिलंय, गाठ 1 च्या वर आहे आणि तरी कुणी काही बोलत नाही, तर तिथे अडून बसा. बऱ्याच रिपोर्टमध्ये हा आकडाच नसतो, म्हणून सोनोग्राफीला झोपायच्या आधीच सांगा, "टायरॅड्स लिहाल का आणि मानेतल्या लिम्फ नोड्स (लसिका ग्रंथी) पण बघाल का".

ओपीडीत वेळ कमी असतो, बाहेर पन्नास जण बसलेले असतात. "कॅन्सर तर नाही ना" एवढंच विचारलं की "नाही नाही" एवढंच उत्तर येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी कागदावर लिहून न्या: डॉक्टर, टायरॅड्स किती आहे? सुई नको ते कशामुळे? पुढची सोनोग्राफी कधी, आणि काय बदललं तर मी लगेच यायचं? शेवटी शांतपणे म्हणा, "हे एवढं केसपेपरवर लिहून द्या ना." लिहायची वेळ आली की डॉक्टर पुन्हा एकदा रिपोर्ट नीट बघतात, हा माझा अनुभव. सोबत कुणाला तरी न्या, एकट्या बाईला "टेन्शन घेता तुम्ही" म्हणून उठवणं सोपं जातं हे वाईट आहे पण खरं आहे.

सुई तपासणी म्हणजे एफएनएसी झालीच तर रिपोर्टवर बेथेस्डा 1 ते 6 असतं, म्हणजे पेशी कशा दिसल्या त्याची श्रेणी. 2 म्हणजे साधी गाठ. 6 म्हणजे कॅन्सर. 1 म्हणजे पेशी पुरेशा मिळाल्याच नाहीत, त्याला निगेटिव्ह समजून घरी बसू नका, साधारणपणे सुई परत करावी लागते, सोनोग्राफीत बघून केलेली बरी. 3 आणि 4 म्हणजे धड साधी नाही, धड कॅन्सर नाही अशी मधली अवस्था, इथे घाईने पूर्ण ग्रंथी काढायला हो म्हणायच्या आधी दुसरं मत घ्याच.

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. आवाज बसलाय आणि आठवडे झाले तरी सुटत नाही, गाठ भराभर वाढतेय, गिळताना किंवा श्वास घेताना अडतंय, मानेत बाजूला आणखी कडक गाठी लागतायत, लहानपणी मानेला रेडिएशन दिलं होतं, घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइड कॅन्सरचा एक प्रकार) झालाय. यातलं काहीही असेल तर पहिलं वाक्य तेच बोला.

दुसरं मत घेताना एन्डोक्राइनोलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञाकडे जा, ऑपरेशनची गोष्ट असेल तर थायरॉइडची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडे. मुंबईत केईएमला एन्डोक्राइनॉलॉजीचा वेगळा विभाग आहे, खाजगीतलं परवडत नसेल तर तिथे जाता येतं. जुने कागद कुणी देत नसेल तर लेखी अर्ज करा, मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत मागितल्यापासून 72 तासांत रेकॉर्ड द्यायला सांगितलंय.

आणि हो, उत्तर मिळत नाही म्हणून दर महिन्याला सोनोग्राफी करत सुटू नका. दक्षिण कोरियात सरसकट तपासण्या सुरू झाल्यावर 2011 पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान 1993 च्या पंधरा पट झालं, मृत्यू मात्र तेवढेच राहिले, असंख्य लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि गोळ्या जन्मभराच्या लागल्या. टायरॅड्स 3 ला साधारण 1, 3 आणि 5 वर्षांनी बघतात, 5 ला दरवर्षी. शक्यतो त्याच सेंटरला जा आणि जुना रिपोर्ट हातात द्या, कारण एक-दोन मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्याच्या हातामुळेही पडतो, गाठ वाढली असं म्हणायला लांबी, रुंदी, उंची यातल्या निदान दोन मापांत 20 टक्के आणि निदान 2 मिलिमीटर वाढ धरतात.