जुन्या ट्रकचं पाणी: उन्हाळ्याआधी एक दिवस रेडिएटरला द्या

गाळप हंगाम संपला आणि गाडी कारखान्याच्या रांगेतून सुटली की पुढचं भाडं घेण्याआधी मी तिला एक दिवस घरी उभी करतो. तो दिवस सगळा पाण्याच्या कामाचा. माझी टाटा १६१३ जुनी आहे. हंगामात ऊस, मग कडबा, मग सिमेंट. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. त्या उन्हात भरलेली गाडी तुळजापूरचा घाट चढवायची, तर तिची तब्येत मार्चमध्येच बघितलेली बरी.

आधी पाण्याचं बोलतो, कारण माझ्या मते आपल्याकडच्या गाड्यांचा खरा घात उन्हापेक्षा बोअरचं पाणी करतं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून क्लिनर बोअरची कॅन भरून रेडिएटरात ओततो. घरच्या हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच इंजिनाच्या आत सिलिंडरभोवती आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. काटा दाखवतो पाण्याचं तापमान. थराच्या पलीकडचं लोखंड त्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं. म्हणून काटा बरोबर असूनही हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधली पट्टी, जातं आणि मालक कोड्यात पडतो.

रेडिएटरात भरायचं ते निम्मं डिस्टिल्ड पाणी, बॅटरीत घालतो तसलं, आणि निम्मं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायचं रंगीत द्रव. तयार मिसळलेलं कूलंट मिळतं, त्यात पुन्हा पाणी घालायचं नाही, म्हणून कॅनवरचं वाचून घ्या. आपल्याकडं बर्फ पडत नाही तर कूलंट कशाला, असं बरेच जण म्हणतात. त्यातलं गंज रोखणारं औषध आपल्याला हवं असतं, आणि त्यानं उकळबिंदूही वर सरकतो. मात्र निम्म्यापेक्षा जास्त घालू नका; दाट कूलंट साध्या पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. औषध संपत जातं, म्हणून दोन वर्षांनी सगळं बदलायचं. रंग छान दिसतो म्हणजे माल चांगला, असं नसतं.

जुनं पाणी काढताना इंजिन हाताला गार लागायला हवं. रेडिएटरची खालची तोटी सगळे सोडतात, पण इंजिन ब्लॉकच्या अंगाला दुसरा ड्रेन असतो, तो कुणी उघडत नाही. तो उघडून पाणी आलं नाही, तर आत गाळ बसलाय असं समजा आणि तारेनं मोकळा करा. खरा चिखल तिथूनच निघतो. मग खालच्या होजमधून उलटं पाणी सोडून स्वच्छ येईपर्यंत धुवा. संडास धुवायचं ॲसिड रेडिएटरात ओतणारे लोक मी बघितलेत. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असतो, त्याचे जोड डाग देऊन बसवलेले असतात, आणि ॲसिड त्याच जोडांना खातं. बाजारात रेडिएटर फ्लश मिळतो, तो वापरा. गाडी फिरवून आणल्यावर जाळीचा एखादा पट्टाच गार लागत असेल, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. तेव्हा रेडिएटरवाल्याकडून टाकी उघडून रॉड मारून, म्हणजे नळ्यांत सळई घालून, साफ करून घेण्याला पर्याय नाही. हात लावून बघताना इंजिन बंद, आणि जपून.

बाहेरून जाळी धुणं हे आपल्या भागाचं खास काम. उसाचं पाचट, सुगीतला ज्वारीचा भुसा, सिमेंटची धूळ, वर ऑइलचा ओलावा. त्याचा नमदाच तयार होतो. पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला मारायचं, म्हणजे कचरा आला त्या वाटेनं जातो. प्रेशरचा फवारा जवळून मारला की जाळीच्या पातळ पात्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. इंटरकूलरवाली (टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी असलेली) गाडी असेल तर इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बघा. समोरून जाळी चकाचक दिसते आणि मध्ये भुशाची भिंत उभी असते. बोल्ट ढिले करून ती काढावीच लागते.

आता थर्मोस्टॅटचा व्हॉल, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप. "मालक, व्हॉल काढून टाकतो की, गार पळंल गाडी," असं गॅरेजमध्ये सर्रास म्हणतात. कृपा करून ऐकू नका. बऱ्याच इंजिनांत हा व्हॉल उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी, वाट बंद करतो. तो काढला की तापलेलं पाणी थोडं रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं, आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. सपाटीवर इंजिन गरजेपेक्षा गार राहतं, डिझेल नीट जळत नाही, सिलिंडर झिजतात. व्हॉल तपासणं सोपं आहे. दोऱ्यानं पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, आणि तापवा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. उकळी फुटली तरी मिटलेला असेल तर फेकून द्या.

रेडिएटरच्या झाकणाकडं तर कुणी बघतच नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, त्यामुळं उघडं पाणी इथं ९८-९९ अंशांनाच उकळतं. अर्धा बार दाब धरणारं झाकण तेच ११० च्या आसपास नेतं. रबर फुटलं, स्प्रिंग मेली, की हा आधार गेला. झाकण बदलताना जुन्यावरचा आकडा बघून तोच घ्या. जास्त दाबाचं बसवलं तर जुने होज फुटतील.

वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून थेंब गळू लागला म्हणजे आतलं सील गेलं. भोकात एम-सील भरलं तर पाणी बेअरिंगमध्ये जातं, तेव्हा पंपच उघडा. फॅन बेल्ट लांब बाजूला अंगठ्यानं दाबून सेंटीमीटरभर, फार तर दीड, दबावा. पुलीच्या खाचेचं बूड चकाकत असेल तर बेल्ट तळाला टेकून घसरतोय. जोडीचे बेल्ट जोडीनंच बदला. फॅनभोवतीचं कडं फुटलं म्हणून काढून ठेवू नका; त्याच्याशिवाय फॅन जाळीतून हवा न ओढता बाजूचीच ओढतो. खालचा होज रेस दिल्यावर चपटा होत असेल तर तोही गेला.

भरताना सावकाश ओता, हवेचा स्क्रू असेल तर उघडा ठेवा. झाकण न लावता इंजिन चालू करा. व्हॉल उघडला की पातळी खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा. सुरुवातीपासूनच सतत बुडबुडे येत राहिले तर गॅस्केट तपासा.

घाटात काटा चढू लागला तर वरच्या गिअरमध्ये रेटत बसू नका. पंप आणि फॅन इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतात; एक गिअर खाली घेतला की दोन्ही जोरात फिरतात. तरी चढलाच तर बाजूला घ्या. पाणी शाबूत असेल तर थोडा वेळ रेस न देता इंजिन आयडलवर चालू ठेवा, पाणी गळून गेलं असेल तर लगेच बंद करा. तापलेलं झाकण उघडायचं नाही आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं. दोन्हीसाठी तासभर थांबावं लागलं तरी थांबा.

काढलेलं जुनं कूलंट गटारीत किंवा रस्त्याकडेला सोडू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. शेळ्या, कुत्री पिऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, पोरांचा हात पोचणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल नेणाऱ्याला घेणार का विचारा. पहिली खेप करून आलात की गार इंजिनावर पातळी बघा आणि होजच्या क्लिपा अर्धा आटा आवळा, कारण नवं रबर तापून बसतं.