दुकानाचा विमा काढताना रक्कम कशी ठरवायची?

सर्वांत जास्त घोळ होतो तो विमा रकमेत. हप्ता वाचवायला माल कमी दाखवला, तर छोट्या नुकसानीतही भरपाई कापली जाते. समजा माल 10 लाखांचा आहे, विमा 6 लाखांचाच काढला आणि आगीत 2 लाखांचा माल गेला. सरासरीचे कलम (विमा जितका कमी, त्या प्रमाणात भरपाई कापणारी अट) लागू असेल तर 60 टक्केच, म्हणजे 1 लाख 20 हजार मिळतील. त्यातूनही स्वतः सोसायची ठरलेली रक्कम वजा होईल. म्हणून सणासुदीला माल सर्वाधिक भरलेला असतो तेव्हाची खरेदी किंमत धरा, आणि यंत्रांसाठी आज नवे घ्यायला किती लागतील ते.

घराच्या पॉलिसीत धंद्याचा माल सहसा धरत नाहीत. खासगी गाडीवरून माल पोहोचवत असाल तर तेही आधी कळवा, नाहीतर दावा अडतो.

नुकसान झालेच तर आधी फोटो, मग कंपनीला लेखी खबर. जळका-भिजका माल सर्वेक्षक (नुकसान तपासायला नेमलेला माणूस) येईपर्यंत फेकू नका (आवराआवरीची घाई इथे महागात पडते). खरेदीची बिले आणि मालाची यादी दुकानाबाहेरही ठेवा.