चालून आलात, आता ताटात किती वाढायचं?

घड्याळ सांगतं, तासभर चालून २५० कॅलरी जळल्या. पण त्यातल्या सत्तरेक तुम्ही खुर्चीत नुसते बसला असतात तरी जळल्याच असत्या. ७० किलोच्या माणसाची ताशी ५ किलोमीटर चालून जादाची कमाई साधारण पावणेदोनशे; एक वडापावही त्यात बसत नाही. वजन उतरवायचं असेल तर कॅलरी मोजायच्या अ‍ॅपमध्ये रोजच्या हालचालीसाठी 'बैठं काम' निवडा आणि व्यायामाचा आकडा निम्माच धरा. 'सक्रिय' निवडून वर व्यायामही टिपलात तर तीच कॅलरी दोनदा मोजली जाते. भूक खरंच लागली तर मात्र उपाशी राहू नका, वाटीभर मटकीची उसळ खा. रोज सकाळी वजन लिहा. तीन-चार आठवड्यांत साप्ताहिक सरासरी उतरली नाही, तर निम्म्याऐवजी पाव हिस्साच धरा.