एपिगॅस्ट्रिक हर्निया: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत या चुका टाळा

छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापासून बेंबीपर्यंतच्या मध्यरेषेला छिद्र पडून त्यातून बहुधा चरबी आणि क्वचित आतडे बाहेर डोकावते, तो एपिगॅस्ट्रिक हर्निया. गाठ लहान आहे म्हणून तपासणी घाईने उरकणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. भूल चढली आणि स्नायू सैलावले की लहान गाठ हाताला लागेनाशी होते. म्हणून रुग्णाला आधी उभे करून, खोकायला लावून त्वचेवर खूण करावी आणि गाठीच्या वर-खाली आणखी छिद्रे नाहीत ना, हे सोनोग्राफीने किंवा सीटी स्कॅनने पाहावे. पोटाचे दोन्ही सरळ स्नायू एकमेकांपासून 2 सेंटीमीटरहून अधिक दूर गेले असतील, तर नुसत्या टाक्यांवर भिस्त ठेवू नये. अशा रुग्णांत हर्निया परत होण्याची शक्यता जास्त असते.

पोटात कॅमेरा घातल्यावर आतली भिंत गुळगुळीत दिसते, तेव्हा हर्निया नाहीच असे समजण्याची चूक होते. अडकलेली चरबी पोटाच्या अस्तराच्या बाहेरच्या अंगाला असते, त्यामुळे यकृताकडे जाणारी अस्तराची घडी आणि तिच्यालगतची चरबी खाली सोडवल्याशिवाय छिद्र उघडे पडत नाही. ही चरबी तशीच ठेवली, तर छिद्र झाकायला आतून बसवलेली कृत्रिम जाळी भिंतीला नीट चिकटतही नाही. छिद्र 1 सेंटीमीटरहून मोठे असल्यास सहसा जाळी बसवतात; ती पोटाच्या पोकळीत बसवायची असेल, तर छिद्राच्या चहूबाजूंनी साधारण 5 सेंटीमीटर पुढे जाईल एवढी असावी, आणि आतड्याकडील तिच्या बाजूला चिकटणे रोखणारा लेप हवाच.

बरगड्यांच्या कडेच्या वर टॅकर (जाळी भिंतीला पक्की करणाऱ्या बारीक पिना) मारणे मात्र कटाक्षाने टाळावे. तेथे छाती आणि पोट यांमधल्या पडद्यापलीकडे हृदय असते, आणि टॅकरमुळे हृदयाला प्राणघातक इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

शस्त्रक्रियेनंतर त्याच जागी आलेली मऊ सूज पाहून हर्निया परत आला, असे अनेकांना वाटते. बहुतेकदा तो साचलेला द्रव असतो आणि काही आठवड्यांत आपोआप जिरतो. सुईने तो वारंवार काढल्यास उलट जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. परंतु ताप, वाढती लाली, सतत उलट्या, पोट फुगणे किंवा वाढत जाणारी वेदना असल्यास पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी शल्यचिकित्सकाला दाखवावे.