वरचा बाण चालेना

नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर एका सहकारी मुलीचं खातं यूजरॲड कमांडने उघडलं. थोड्याच वेळात ती जागेवर आली. "अरे, वरचा बाण दाबला की मागची कमांड येतच नाही. हे बघ काय उमटतंय." पडद्यावर नुसतं डॉलरचं चिन्ह, त्यापुढे टोपी, दोन चौकोनी कंस आणि ए. टॅब दाबूनही फाइलचं नाव पुरं होईना. मी कीबोर्ड बदलला, टर्मिनलची सेटिंग्ज चाळली, अर्धा दिवस घालवला.

चूक तिच्या खात्याच्या ओळीत होती. /इटीसी/पासडब्ल्यूडी फाइलमध्ये दर खात्याची एक ओळ असते, तिच्यात कोलनने वेगळे केलेले सात रकाने. सातवा रकाना लॉगिन शेलचा, म्हणजे लॉगिन होताच सुरू होऊन आपल्या कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामचा. मी शेल सांगितलंच नव्हतं, म्हणून तिथे /बिन/एसएच लागलं. आणि उबंटूत २००६ पासून एसएच म्हणजे डॅश नावाचं शेल. स्क्रिप्ट भराभर चालवायला ते उत्तम, पण माणसाने समोर बसून टाइप करण्यासाठी ते नाही. शेल बदलणाऱ्या सीएचएसएच कमांडने बॅश हे दुसरं शेल लावलं, तिने पुन्हा लॉगिन केलं, बाण चालू झाला.

दुसऱ्या दिवशी तिने जावाचा पाथ (कमांड ज्या फोल्डरांत शोधायच्या त्यांची यादी) टाकायला नवी .बॅश_प्रोफाइल तयार केली. पाथ लागला, पण फाइलींची यादी दाखवणारी एलएल चालेना आणि कमांडच्या आधी दिसणारा रंगीत प्रॉम्प्ट फिका पडला. नवख्यांची खरी फसगत इथे होते. लॉगिनच्या वेळी बॅश आधी /इटीसी/प्रोफाइल वाचतं. मग होम फोल्डरमध्ये .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन, .प्रोफाइल या क्रमाने शोधतं आणि पहिली सापडेल तेवढीच वाचतं. एलएल आणि रंगांची सोय .बॅशआरसीत असते आणि उबंटूत लॉगिनच्या वेळी तिला बोलावण्याचं काम .प्रोफाइल करते. नवी फाइल आडवी आली आणि .प्रोफाइलची पाळीच आली नाही. आम्ही पाथची ओळ .प्रोफाइलमध्ये हलवली, नवी फाइल काढून टाकली.

तेव्हापासून कुठलीही फाइल उघडण्याआधी मी एको $० करतो, म्हणजे चालू शेलचं नाव कळतं. उत्तरात बॅशच्या आधी छोटी आडवी रेघ दिसली तर ते लॉगिन शेल. शेल नावाच्या व्हेरिएबलवर विसंबू नका. सध्या काहीही चालू असो, ते खात्याला नेमलेलं शेलच दाखवतं. मॅकवाल्यांनो, २०१९च्या कॅटालिनापासून नव्या खात्याला झेडशेल मिळतं, ते .बॅश_प्रोफाइलकडे बघतही नाही, तुमची फाइल .झेडएसएचआरसी.

आणि बदल करताना जुनी खिडकी बंद करू नका. दुसऱ्या खिडकीत लॉगिन करून बघा. पाथ बिघडून एलएससुद्धा सापडेनासं झालं, तर /बिन/एलएस किंवा /यूएसआर/बिन/नॅनो (फाइल दुरुस्त करायचा एडिटर) असा पूर्ण पत्ता टाइप केला की चालतं.