दुबईला येताय? आधी ती बॅग उघडा

ऑक्टोबर उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. मामेसासूबाई, आत्या, माहेरच्या शेजारच्या काकू, नवऱ्याच्या मित्राचे आईवडील. नोव्हेंबर ते मार्च इथली हवा छान, त्यामुळे सगळ्यांना तेव्हाच यायचं असतं आणि दुबईतल्या करामा भागातल्या आमच्या दोन खोल्यांची धर्मशाळा होते. तक्रार नाही. पाहुणे आले की आयत्या पुरणपोळ्या मिळतात. पण प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढते.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्टची मुदत येण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसा आधी काढूनच निघायचं. आणि पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असेल, नुसतंच एक नाव असेल, तर तिकीट काढायच्या आधी एअरलाइनला विचारा. २०२२च्या नोव्हेंबरपासून एकाच नावाच्या पासपोर्टबद्दल इथे नियम कडक झालाय आणि जुन्या पासपोर्टवाल्या आज्या नेमक्या त्यात सापडतात. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिलात तर रोज दंड चढतो, तेव्हा परतीचं तिकीट शेवटच्या दिवसाचं काढू नका.

आता बॅग. दुबईचे कायदे कडक आहेत हे सगळ्यांनाच माहीत असतं. दारू पिऊन धिंगाणा, अमली पदार्थ, मारामारी, यातलं आमची आत्या काहीच करणार नसते. तिचा घोळ होतो दोन डब्यांत: फराळाचा आणि गोळ्यांचा.

फराळाच्या डब्यातली पहिली अडचण म्हणजे खसखस. संयुक्त अरब अमिरातीत ती आणायला बंदी आहे. अफूच्या बोंडातलं बी ते. आपल्या घरी वाण्याच्या पुडीतून येतं म्हणून आपल्याला काही वाटत नाही, पण इथे त्याची गाठ अमली पदार्थांच्या कायद्याशी पडते आणि ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होईल याच्या भरवशावर राहायचं नाही. म्हणजे अनारसे बाद. ‘खसखस झटकून आणते गं’ असं मला ऐकवलं गेलंय. अनारसं खसखशीवर थापतात, मग तुपात तळतात. एकेक दाणा जाळीत रुतून बसतो, तो काय झटकणार? अनारसे आणायचेच असतील तर तीळ लावून करा. करंजीच्या सारणातली भाजलेली खसखस वगळा, डिंकाच्या लाडवांतलीही वगळा. विकतचा फराळ घेतला असेल तर वेष्टनावरची घटकांची यादी वाचा आणि यादी नसेल तर तो पुडा घरीच संपवून या. चकली, चिवडा, शंकरपाळे, बेसनलाडू खुशाल आणा. मी वाट बघते.

दुसरं, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. ही अडवणूक दुबईची नाही, विमानाची आहे. सुकं खोबरं तेलकट असतं, कोंदलं की आपोआप तापू शकतं, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात धरतात. चेक-इन बॅगेत वाट्या दिसल्या की मुंबईलाच बॅग उघडायला लावतात. इथे मीना बाजारात आणि आमच्या गल्लीत खोबरं ढिगाने मिळतं. हवं तर आल्या आल्या आणून देईन.

तिसरं, सत्यनारायणासाठी विड्याची पानं. पान आणि विड्याची पानं दुबई कस्टम्सच्या बंदीच्या यादीत आहेत. पूजा असेल तर मला आधी सांगा, पानांवाचून निभावून नेऊ. गुटखा-माव्याच्या पुड्या खिशात ठेवायची सवय असलेल्या काकांनी निघताना सगळे खिसे उलटे करून बघावेत. गेल्या प्रवासातलं जॅकेटही त्यात आलं.

तूप, लोणचं, ओल्या चटण्या हातातल्या बॅगेत चालत नाहीत, त्या मोठ्या बॅगेत जातात. बरणीच्या तोंडावर प्लॅस्टिक, मग झाकण, मग दोन पिशव्या, मग जुना टॉवेल. पॉवर बँकेचं नेमकं उलट: ती हातातल्याच बॅगेत हवी, मोठ्या बॅगेत नको. आणि विमानतळावर कुणी ‘ताई, माझ्या भावाला एवढं द्याल का, तो बाहेर उभाच आहे’ म्हणालं, तर नाही म्हणायचं. वाईट दिसलं तरी चालेल. ओळखीतल्या माणसाचं पार्सल असेल तरी उघडून, आत काय आहे ते बघूनच घ्या.

आता गोळ्यांचा डबा. इथे जरा सावकाश वाचा.

आपल्याकडच्या बहुतेक ज्येष्ठांकडे सोम ते रवि असे कप्पे असलेला प्लॅस्टिकचा डबा असतो. स्ट्रिपमधून गोळ्या काढायच्या, कप्प्यांत भरायच्या, वर सकाळ-रात्र लिहायचं. घरात उत्तम सोय. विमानतळावर मात्र त्या गोळ्या कसल्या आहेत हे कोणालाच सांगता येत नाही, बऱ्याचदा आणणाऱ्यालाही नाही. तेव्हा डबा रिकामा आणा आणि गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये, नाव आणि मुदत दिसेल अशा ठेवा. स्ट्रिप कापताना नावाचा तुकडा फेकू नका. जोडीला डॉक्टरांची चिठ्ठी, अलीकडची, टाइप केलेली, शिक्का-सहीची, आणि तिच्यावर औषधाचं घटकनाव. कंपनीचं नाव इथे कुणाला कळेलच असं नाही.

पण चिठ्ठी असली म्हणजे सगळं चालतं असंही नाही. काही औषधं इथे नियंत्रित आहेत आणि ती आणायला इथल्या सरकारची आधी परवानगी लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो, निघण्याच्या पुरेसा आधी करा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, झोपेसाठीचं अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम ही नावं ऐकून कुणी दचकत नाही. दचकतात ते प्रीगॅबलिन ऐकून. मधुमेहामुळे पायाची आग होते, मुंग्या येतात, त्यावर आपल्याकडे हे सर्रास देतात, कधी बी-१२च्या जोडीने एकाच गोळीत. त्यामुळे घेणाऱ्याला वाटतं की आपण व्हिटॅमिनची गोळी घेतोय. तर स्ट्रिप उलटी करा, मागची बारीक अक्षरं मुलाकडून वाचून घ्या. यातलं काही सापडलं तर स्वतःच्या मनाने बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा: पर्याय आहे का, नसेल तर परवानगीसाठी कागद द्या.

रोजची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, मोठी बॅग मागे राहिली तरी अडायला नको. इथलं घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळेचं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं. आणि प्रवासविमा काढा. इथल्या खाजगी दवाखान्याचं बिल रुपयांत मोजायला लागलात तर रक्तदाब तिथेच वाढेल.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. साडी, पंजाबी ड्रेस, जीन्स, सगळं चालतं. मॉलमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, एवढंच. पण शाल हवी. बाहेर घाम आणि मॉलमध्ये असा गारठा की पहिल्या तासात काकू म्हणतात, ‘एसी जरा कमी करायला सांग की.’ कुणाला सांगू? अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीसाठी मात्र वेगळी तयारी लागते: बायकांनी डोकं झाकलेलं, हात मनगटापर्यंत, कपडे सैल आणि घोट्यापर्यंत. साडीत दंड आणि कंबर उघडी राहते, म्हणून त्या दिवशी पूर्ण बाह्यांचा कुर्ता, सलवार आणि मोठी ओढणी. काकांनी अर्धी चड्डी घालायची नाही. प्रवेश फुकट आहे, पण ऑनलाइन नोंदणी आधी करावी लागते. आत एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढू नका, रखवालदार येऊन सांगतात. २०२४च्या फेब्रुवारीत उघडलेलं बीएपीएस या स्वामिनारायण संस्थेचं मंदिरही अबू धाबीतच आहे. दोन्ही एका दिवसात होतं, कपडे मशिदीच्या हिशेबाने घाला म्हणजे मंदिरातही चालतात.

रस्ता. इथे गाड्या उजवीकडून चालतात. आपली मान जन्मभराच्या सवयीने आधी उजवीकडे वळते आणि गाडी येते डावीकडून. आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी खाली नेते आणि झेब्रा क्रॉसिंगवर उभं करून दाखवते: आधी डावीकडे बघायचं. मधूनच रस्ता ओलांडला तर ४०० दिऱ्हम दंड आहे आणि तो करतात. सिग्नलचा हिरवा माणूस दिसेपर्यंत थांबा, रस्ता रिकामा असला तरी. रिकाम्या रस्त्यावर सिग्नलला थांबणं आमच्या मामांना अजून पटलेलं नाही, पण थांबतात.

मेट्रोत तिकिटासाठी नोल नावाचं कार्ड लागतं. गुलाबी खुणेचा भाग बायका-मुलांचा आहे, चुकून काका तिथे शिरले तर १०० दिऱ्हम. खाणं-पिणं, च्युइंगमसुद्धा, १०० दिऱ्हम. नातवाच्या हातात केळं द्यायचं असेल तर स्टेशनच्या बाहेर येऊन द्या. ‘दोन घास तर खातोय’ हे इथे चालत नाही. टॅक्सीला मीटर असतो, घासाघीस नाही. गुलाबी टपाच्या टॅक्सी बायका चालवतात आणि त्या बायकांसाठी नि कुटुंबांसाठी असतात, एकट्या आजीला बसवून द्यायला उत्तम. विमानतळावरून टॅक्सी केली तर मीटर २५ दिऱ्हमपासून सुरू होतो, ती फसवणूक नाही. आणि खाडी ओलांडायला अब्रा, म्हणजे लाकडी होडी घ्या. एका दिऱ्हममध्ये दुबईतली सगळ्यात सुंदर सफर, असं माझं मत. बुर्ज खलिफाच्या तिकिटाच्या रांगेत उभं राहून पाय दुखवण्यापेक्षा हे बरं.

फोटो काढताना समोर कोण येतंय ते बघा. परवानगीशिवाय लोकांचे, विशेषतः अबाया (अंगभर पायघोळ झगा) घातलेल्या बायकांचे फोटो काढणं गुन्हा होऊ शकतो, आणि ‘मी त्या कारंज्याचा काढत होतो’ हे पटवत बसावं लागतं. सरकारी इमारती, विमानतळाची सुरक्षा, पोलीस, यांच्याकडे कॅमेरा वळवू नका. कुणाची अरब कुटुंबाशी ओळख करून दिली तर पुरुषांनी बाईपुढे आपणहून हात करू नये. तिने केला तर मिळवावा, नाहीतर छातीवर हात ठेवून मान लववायची. आपल्या नमस्कारानेही काम भागतं. रमझानात येणार असाल तर दिवसा रस्त्यावर, बसस्टॉपवर उघड्यावर खाऊ-पिऊ नका, अगदी पाणीसुद्धा. हॉटेलं उघडी असतात, आत बसून खा. शारजाला जाणार असाल तर तिथे दारू अजिबात नाही आणि पेहरावाचे नियमही दुबईपेक्षा कडक.

टॅक्सीवाल्याशी वाद झाला तर आवाज चढवू नका, शिवी तर नाहीच. हातवारे आणि व्हॉट्सॲपवरची शिवीगाळ यांवरूनही तक्रार होते. व्हॉट्सॲपवरून आठवलं: मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. ‘पोचलो की व्हिडिओ कॉल करतो’ असं घरी सांगून निघाल, आणि तिकडे लेक रात्रभर जागेल. बोटिम नावाचं ॲप दोन्हीकडे आधीच टाकून घ्या. भाच्याने सुचवलेलं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची बंदी चुकवायचं ॲप, टाकू नका, त्याचे इथे वेगळे नियम आहेत.

डेझर्ट सफारी सगळ्यांना करायची असते. पाठीचं, मानेचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर वाळूच्या टेकड्यांवर उड्या मारणाऱ्या गाडीत बसू नका. गाडी थेट छावणीवर नेणारी सहल मागा, बहुतेक जण देतात. बाकीच्यांनी दुपारी हलकं जेवावं. छोले-भटुरे खाऊन बसलेल्यांचं काय होतं ते मी मागच्या सीटवरून पाहिलंय.

काही झालंच तर पोलीस ९९९, ॲम्ब्युलन्स ९९८, आग ९९७. भारतीय वकिलातीची कचेरी बर दुबईत आहे. पासपोर्टची प्रत फोनमध्येही ठेवा आणि कागदावरही, दोन वेगळ्या बॅगांत.

शेवटी सोनं, कारण त्याशिवाय डेरा भागातल्या सोन्याच्या बाजारातून कोणी परत येत नाही. दुकानात त्या दिवसाचा भाव लिहिलेला असतो, तो सगळीकडे सारखाच; घासाघीस करायची ती मजुरीवर. पर्यटकांना ५ टक्के व्हॅटमधला (इथल्या विक्रीकरातला) बराचसा भाग परत मिळतो, पण दुकानदाराला तसं आधी सांगून पासपोर्ट दाखवावा लागतो आणि विमानतळावर बॅग चेक-इन करायच्या आधी शिक्कामोर्तब करून घ्यावं लागतं. बॅग आत गेल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही. भारतात उतरताना दागिन्यांवरची शुल्कमाफी वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांना असते, आठ दिवस फिरून आलेल्यांना नाही. घेतलंत तर विमानतळावर कस्टम्सच्या लाल मार्गाने जाऊन जाहीर करा. आणि येताना अंगावर भारी दागिने घालून येणार असाल, पाटल्या, तोडे, मोठं मंगळसूत्र, तर मुंबईला निघतानाच कस्टम्सकडून त्यांचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. त्यासाठी तासभर आधी पोचा. नाहीतर परतताना आईच्या लग्नातल्या पाटल्या दुबईच्या नाहीत हे सिद्ध करत बसाल. त्यापेक्षा त्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि इथे काचेच्या बांगड्या घालून फिरा, मीना बाजारात हव्या त्या रंगाच्या मिळतात.