बायोफिल्मवर पांढऱ्या पेशी सोडताय? या चुका टाळा

बायोफिल्मवर, म्हणजे पृष्ठभागाला धरून चिकट आवरणात वाढणाऱ्या जिवाणूंच्या थरावर, पांढऱ्या रक्तपेशी सोडल्या आणि कॉलन्या (प्लेटवर उठणारे जिवाणूंचे ठिपके) कमी आल्या म्हणजे जिवाणू मेले, ही चूक नाशिकच्या लॅबमध्ये मी इतक्या वेळा पाहिली आहे की हल्ली प्लेट हातात घेण्याआधी मी स्लाइड मागते.

दिंडोरीकडचा एक विद्यार्थी होता, घरची द्राक्षबाग. मार्च महिना, प्रबंध जमा करायला आठ दिवस उरलेले. त्याने स्युडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूची २४ तासांची बायोफिल्म वाढवली (बागेत फवारतात तो नव्हे, त्याचा भाऊबंद), वर रक्तातून वेगळे केलेले न्यूट्रोफिल (जिवाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) घातले, दोन तास ठेवले आणि खरवडून प्लेटिंग केलं, म्हणजे आगरच्या जेलीवर पसरून वाढवलं. कॉलन्या एक दशांशावर आल्या. "मॅडम, नव्वद टक्के मेले!" पोरगं हरखून गेलं होतं. मी म्हटलं, "उरलेल्यातला थेंब स्लाइडवर घे, मेथिलीन ब्लू टाक, मग सांग."

ऑइल इमर्शनखाली सुटे जिवाणू जवळजवळ नव्हतेच. होते ते पुंजके, निळसर लांब धाग्यांत गुरफटलेले, आणि मधूनमधून फुटलेल्या न्यूट्रोफिलचे अवशेष. हे धागे म्हणजे न्यूट्रोफिलचा स्वतःचा डीएनए. जिवाणूंना पकडायला या पेशी तो जाळ्यासारखा बाहेर फेकतात. २००४ साली हे पहिल्यांदा सविस्तर मांडलं गेलं. जाळ्यात शंभर जिवाणू एकत्र अडकले तरी आगरवर कॉलनी एकच उठते. आम्ही प्रयोग पुन्हा लावला. या वेळी प्लेटिंगच्या आधी अर्धा तास डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) घातलं, मग चांगलं व्हॉर्टेक्स केलं, म्हणजे यंत्रावर घुसळलं. आकडा जवळपास कंट्रोलइतका, म्हणजे न्यूट्रोफिल न घातलेल्या फिल्मइतका आला. मेलेले फार थोडे होते, बाकी नुसते अडकले होते. त्याला अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, तारीखही हुकली. ते प्रकरण आजही मी नव्या मुलांना वाचायला देते.

तेव्हापासून माझा नेम आहे: डीएनेजशिवाय एक प्लेट, डीएनेजसह एक प्लेट, आणि नुसतं डीएनेज घातलेली बायोफिल्म कंट्रोल म्हणून. स्युडोमोनासच्या फिल्ममध्ये त्याचा स्वतःचाही डीएनए असतो, म्हणून तो तिसरा कंट्रोल सोडायचा नाही. चार प्लेटा वाचवून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

दुसरी चूक डोक्यातली आहे. प्रस्तावनेत "बायोफिल्म ही भिंत असते, पांढऱ्या पेशी तिथे पोचू शकत नाहीत" असं वाचलं की मी पान परत करते. पेशी पोचतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या दुसऱ्या जिवाणूच्या फिल्ममध्ये तर त्या आत शिरलेल्याही दिसल्या आहेत. अडचण गिळण्याची आहे. द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकता येतो, मांडवाला लगडलेला अख्खा घड नाही. न्यूट्रोफिल जेमतेम १२ मायक्रॉनचा, समोरचा थर त्याच्या कितीतरी पट. गिळता येत नाही म्हणून तो आपली एन्झाइमं बाहेरच ओततो आणि भाजून निघतात आपल्याच ऊती. न भरणाऱ्या जखमेत हेच महिनोन् महिने चालू असतं.

जिवाणूही गप्प बसत नाहीत. स्युडोमोनास रॅम्नोलिपिड हा साबणासारखा पदार्थ सोडून न्यूट्रोफिल फोडतो, आणि त्यातून सांडलेला डीएनए व ॲक्टिन (पेशीच्या सांगाड्याचं प्रथिन) फिल्मच्याच बांधणीला लागतात. ऑरियस त्या जाळ्याचे तुकडे करून डीऑक्सीॲडेनोसिन बनवतो, त्याने मॅक्रोफेज (जिवाणू गिळणाऱ्या दुसऱ्या पेशी) मरतात. म्हणून "प्रतिकारशक्ती निष्क्रिय होती" असं निष्कर्षात लिहू नका. ती राबत होती, आणि तिच्याच मालमसाल्यावर फिल्म पोसली जात होती.

फिल्म मोजायला वापरतात तो क्रिस्टल व्हायोलेट रंग जिवंत, मेलेलं, मॅट्रिक्स (फिल्मचं चिकट आवरण), चिकटलेले न्यूट्रोफिल, सगळंच रंगवतो. पेशी घातल्यावर रीडिंग वाढलं म्हणजे बायोफिल्म वाढली असं नाही. शेजारी नुसत्या न्यूट्रोफिलची वेल (प्लेटमधला खळगा) हवीच.

सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) सवयीने ५६ अंशांवर अर्धा तास तापवतात आणि मग लिहितात, "कॉम्प्लिमेंटचा परिणाम आढळला नाही." कसा आढळेल? कॉम्प्लिमेंट म्हणजे जिवाणू मारायला मदत करणारी सीरममधली प्रथिनं; तापवून तुम्हीच ती संपवलीत! जांभळ्या टोपणाच्या नळीतला प्लाझ्मा सीरम म्हणून वापरणं हीही तीच गत: त्यातलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि कॉम्प्लिमेंट चालतच नाही. डीएनेजलाही हेच क्षार लागतात. मी पेशींसाठी हेपरिनची हिरवी नळी घेते, सीरमसाठी लाल.

धुताना पिपेटने फवारा मारू नका, प्लेट टबात हलकेच बुडवा. कडेच्या वेल्स लवकर सुकतात, त्यांत नुसतं पाणी भरा. स्टॅफिलोकॉकसच्या ब्रॉथमध्ये (वाढीच्या द्रवात) ग्लुकोज घालायला विसरू नका, नाहीतर फिल्म विरळ येते. आणि एथिक्स कमिटीची परवानगी हातात आल्याशिवाय मित्राच्या दंडाला टूर्निके बांधू नका.

न्यूट्रोफिल ताजेच लागतात. दुपारी चारला रक्त काढून नळी फ्रिजमध्ये ठेवणारे दर वर्षी दोन-तीन निघतात. सकाळी त्यांना अर्धमेल्या पेशी मिळतात आणि दोष बायोफिल्मला जातो. मी बायोफिल्म आदल्या सकाळी लावते, रक्त दुसऱ्या दिवशी साडेनवाला काढते आणि संध्याकाळच्या आत शेवटची प्लेट इनक्युबेटरमध्ये जाते. त्या दिवशी दुसरं लेक्चर असेल, तर रक्त काढायचंच नाही.